मुलांच्या अंगणांत गेलेली शाळा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या सत्कारसमारंभांतील भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें ज्या थोड्या स्त्रीपुरुषांस आज व्यासपीठावर बोलावून आपण हार घातले, ते कोणी धनाढ्य नव्हेत, कीं मोठे अधिकारीही नव्हेत. परक्यांचीं मुलें त्यांनीं आपलीं मानलीं, एवढाच काय तो त्यांचा मोठेपणा. त्यांचीं नांवें आतांच वाचून दाखविण्यांत आलीं, म्हणून तीं आम्ही पुनः घेत नाहीं. या प्रसंगीं दोन शब्द बोलावे अशी आज्ञा झाल्यावरून आम्ही उभे राहिलों आहों. परंतु स्तुतीचे दोन शब्द बोलून खालीं बसावें, इतकें हें काम सोपें नाहीं. सत्कार करणें म्हणजे एक प्रकारें ऋण मान्य करणें होय. आणि जो ऋण मान्य करतो त्यास तें फेडण्याचाही विचार करावा लागतो.

जुन्या करारांत पन्नासावें वर्ष हें महोत्सवाचें वर्ष म्हणून सांगितलें आहे. त्या वर्षीं दासांस मोकळें करावयाचें व विकली गेलेली जमीन मूळ कुळास परत द्यावयाची, असा नियम होता. मिरवणूक व मेजवानी यांस तेथें मुख्य स्थान नाहीं. आपल्या पन्नासाव्या वर्षीं आपण कोणाचें काय परत देणार, हा प्रश्न मनांत धरून पुढील हकीकत ऐकावी, अशी आमची विनंती आहे.

आपण कल्याणचे रहिवासी. याच गांवीं 31 मार्च 1865 रोजीं डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. अवघ्या चौदाव्या वर्षीं त्यांस पुत्र झाला, आणि दहा दिवसांतच तो दगावला. तें दुःख उरांत ठेवून त्या साता समुद्रांपलीकडे अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें गेल्या व 1886 सालीं वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत काम सुरू करण्यापूर्वींच, 26 फेब्रुवारी 1887 रोजीं, क्षयानें त्यांचें देहावसान झालें. कल्याणास त्यांचा अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच. परंतु स्वतःचें मूल गमावलेल्या एका मुलीनें तें दुःख कवटाळून न बसतां परक्यांच्या उपयोगी पडण्याचा ध्यास घेतला, ही गोष्ट त्या अभिमानांत विसरूं नये.

परक्यांच्या मुलांसाठीं आयुष्य वेंचणाऱ्या आणखी दोन स्त्रिया आपल्याच जुन्या ठाणें जिल्ह्यांत होऊन गेल्या. त्या म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. त्यांची कर्मभूमि बोर्डी व कोसबाड. हीं गांवें डहाणू तालुक्यांतील असून 1 ऑगस्ट 2014 पासून हा तालुका पालघर जिल्ह्यांत मोडतो. ताराबाई शिकलेल्या, शिक्षणशास्त्रांत मुरलेल्या. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलें व 1926 सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. अनुताईंचा जन्म 1910 सालचा. तेराव्या वर्षीं विवाह, आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य. त्या काळीं अशा मुलीचें आयुष्य घराच्या एका कोपऱ्यांत संपावयाचें. परंतु त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि 1945 सालीं ताराबाईंबरोबर बोर्डीस आल्या. त्यानंतर 1992 सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं हें काम सोडलें नाहीं.

बोर्डीची बालवाडी 1945 च्या डिसेंबरांत उघडली. गांवांतील मुलें येऊं लागलीं. परंतु गांवाबाहेरच्या दलित वस्तींतील मुलें कांहीं येईनात. येथें आपण क्षणभर थांबूं या. शाळेचें दार उघडें आहे, फी द्यावी लागत नाहीं, तरीही मूल येत नाहीं; अशा वेळीं आपण काय म्हणतों? "आम्हीं दार उघडें ठेविलें, आतां ते येत नाहींत त्यास आमचा काय इलाज?" असें म्हणून आपण मोकळे होतों. ताराबाईंस तसें म्हणतां आलें नाहीं. खेळण्यांचें व शिकविण्याचें सामान उचलून त्या व त्यांच्या शिक्षिका त्या वस्तींत गेल्या, आणि तेथल्या अंगणांतच त्यांनीं शाळा मांडली. हीच ती अंगणवाडी.

तेथें पहिला धडा अक्षरांचा नव्हता. मुलांस आंघोळ घालावयाची, केंस विंचरावयाचे, नखें काढावयाचीं, हा तो धडा होता. त्यानंतर गाणीं, गोष्टी व खेळ. विलायती पद्धतीचीं महागडीं साधनें आणावयाचीं कोठून? म्हणून शिंपले, गोटे, बिया व पानें हींच साधनें झालीं. 1957 सालीं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें, तेव्हां वारली पाड्यांवर निराळीच अडचण दिसली. मोठा भाऊ रानांत गुरें चारतो, आणि मोठी बहीण धाकट्या भावंडास कडेवर घेऊन फिरते, कारण आईबाप मजुरीस गेलेले. मग गुरें चरतात तेथेंच शिकविणारी कुरणशाळा निघाली. शाळेस लागूनच पाळणाघर निघालें. तान्हें मूल पाळण्यांत निजलें म्हणजे बहिणीचे दोन्ही हात मोकळे झाले, आणि त्या हातांत पाटी आली. किती साधी ही युक्ति! परंतु ती सुचण्यास अगोदर त्या मुलीच्या कडेवरचें ओझें डोळ्यांनीं पाहावें लागतें.

या कामाचें एक मूळ आपल्या ओळखीच्या मुलुखांत आहे. इटलींतील कॅथलिक घराण्यांत जन्मलेल्या डॉ. मारिया माँटेसरी यांनीं 6 जानेवारी 1907 रोजीं, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. मजुरीस गेलेल्या आईबापांमागें मुलें चाळींतून मोकाट हिंडत व भिंती खराब करीत. घरमालकांस त्या भिंतींची चिंता होती. माँटेसरीबाईंस मुलांची चिंता होती. त्या एकाच चाळींत दोन निरनिराळ्या दृष्टि कशा नांदत होत्या, हें ध्यानांत घ्यावें. गिजुभाई व ताराबाई यांनीं माँटेसरीबाईंचे विचार अभ्यासिले, आणि रोमच्या चाळींत उगवलेलें रोप डहाणूच्या मातींत लाविलें. 2 ऑक्टोबर 1975 रोजीं भारत सरकारनें बालविकासाची योजना देशांतील 33 ठिकाणीं सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें. ताराबाई 1973 सालीं निवर्तल्या होत्या. तें पाहण्याचें भाग्य अनुताईंस लाभलें. सरकारनें ताराबाईंस 1962 सालीं पद्मभूषण व अनुताईंस 1985 सालीं पद्मश्री देऊन गौरविलें.

आतां आपण घरीं येऊं. दिवाळी सरली कीं कल्याण व भिवंडीच्या परिसरांतील वीटभट्ट्यांवर कातकरी व इतर मजूर कुटुंबें बिऱ्हाडासह येतात, आणि पावसाच्या तोंडावर आपल्या पाड्यांस परततात. शाळेचें वर्ष असें मध्येंच तुटतें. भट्टीवरचें मूल विटा उलथतें, नाहीं तर भावंड सांभाळतें. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलांत आहे. कायदा मुलाच्या बाजूचा आहे. परंतु भट्टीपासून शाळेपर्यंत मुलाचें बोट धरून कायदा चालत नाहीं, तेथें माणूसच लागतो. वसईकडे विधायक संसद या संस्थेनें भट्टीवरील मुलांसाठीं भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोंपडी. शाळेनें मुलाकडे जावें, हाच तो बोर्डीचा धडा.

आम्ही दुसऱ्यांस दोष देण्यास उभे राहिलों नाहीं. आपल्या चर्चच्या आवारांतील नळावर पाणी भरावयास आलेलीं भट्टीवरचीं मुलें खेळूं लागलीं, तेव्हां "येथें गलका करूं नका" म्हणून त्यांस हांकून देणारे आम्हीच होतों. त्या वेळीं आम्हांस त्यांत कांहीं गैर वाटलें नाहीं. पुढें एके रविवारीं शुभवर्तमानांतील तो प्रसंग वाचला गेला. लोक बालकांस प्रभू येशूकडे आणीत होते, आणि शिष्य त्यांस दटावीत होते. ते शिष्य दुष्ट नव्हते. प्रभूची शांतता राखावी, एवढाच त्यांचा हेतु असावा. तरीही प्रभू रागावले ते त्या शिष्यांवर. त्या दिवशीं आम्हांस चर्चचें फाटक, तो नळ आणि तीं परतणारीं मुलें आठवलीं, व मान वर करवेना.

आज ज्यांचा आपण सत्कार केला, त्यांनीं नेमकें या उलट केलें. आपल्याकडे कोण येतो याची वाट न पाहतां ते आपण होऊन मुलांकडे गेले. कोणी संध्याकाळीं अभ्यास घेतला, कोणी गुपचूप फी भरली, कोणी आजारी मुलास दवाखान्यांत नेलें. तें मूल कोणत्या धर्माचें, हें त्यांनीं विचारलें नाहीं. विचारण्याचें कारणही नव्हतें.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. आपलें सभागृह आठवड्याचे सहा दिवस दुपारीं कुलुपांत असतें. येत्या दिवाळीनंतर पाऊस पडेपर्यंत तें दुपारीं उघडावें. तेथें साबण, पाणी व टॉवेल असावा, चार पाळणे असावे, आणि आपल्यांपैकीं दोघी-तिघींनीं पाळीपाळीनें बसावें. मोठ्या मुलांस जवळच्या शाळेंत दाखल करण्यासाठीं आपल्यांतील कोणीतरी त्यांच्या आईबापांबरोबर जावें. आणि मुलें आपण होऊन सभागृहांत आलीं नाहींत, तर "दार तर उघडें होतें" असें म्हणून आपण परत कुलूप लावूं नये. चटई उचलून भट्टीवर जावें. याला मोठा निधि लागत नाहीं. पहिल्या आठवड्याची पाळी आम्ही स्वतः घेतों, म्हणजे नळावरच्या त्या दिवसाचें थोडें ऋण फिटेल.

हार संध्याकाळपर्यंत सुकतील. सत्कारमूर्तींस त्याचें वाईट वाटणार नाहीं. आपल्यामागें हें काम कोण उचलणार, याची मात्र त्यांस चिंता असेल. ती चिंता आपण आज हलकी केली, तर हा महोत्सव खरा झाला असें म्हणतां येईल. परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धि व बळ देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.