लोहचुंबक आणि वाइनची चव



लोहचुंबक आपण सर्वांनी लहानपणी हाताळलेला आहे. तो टाचण्या ओढतो, होकायंत्राची सुई फिरवतो. पण द्राक्षे आंबवून केलेल्या मद्याची, म्हणजे वाइनची, चवही तो सुधारतो असे सांगून परदेशात चुंबकाच्या चकत्या आणि कडी विकली जातात. बाटली चकतीवर ठेवायची. थोड्या वेळात स्वस्त वाइन जुन्या, मुरलेल्या वाइनसारखी मऊ लागू लागते, असे विकणारे म्हणतात.

मी या पेयाचा भोक्ता नाही आणि कोणी व्हावे असेही सांगायला आलो नाही. मग आपल्याला याचे काय? हाच दावा दुसरा वेष घेऊन शेतकऱ्याच्या दारी येतो. पंपाच्या नळाला चुंबक बसवा, पाण्याचा खारटपणा बाधणार नाही, असे त्याला सांगतात. तिथे प्रश्न जिभेचा राहत नाही, पिकाचा आणि कर्जाचा होतो.

वाइन म्हणजे बहुतांशी पाणी, शंभरात बारा-तेरा भाग अल्कोहोल, आणि उरलेल्यात आम्ले, रंगद्रव्ये व तुरटपणा आणणारे टॅनिन. पाणी चुंबकाकडे ओढले जात नाही. उलट अगदी किंचित दूर ढकलले जाते. अशा पदार्थांचा हा गुण मायकेल फॅरडेने १८४५ साली दाखवला. हा जोर किती क्षीण? हॉलंडमधील नायमेखेन येथे १९९७ साली शास्त्रज्ञांनी एक जिवंत बेडूक चुंबकाच्या जोरावर अधांतरी तरंगवला. त्यासाठी सोळा टेस्लाचे क्षेत्र लागले, शाळेतल्या चुंबकाच्या शेकडो पट! आणि बेडूक तसाच टुणटुणीत बाहेर आला. वाइनमध्ये थोडे लोह असते खरे, पण ते विरघळलेले असते. खिळ्यासारखे ओढले जात नाही. टॅनिन मुरते ते महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालणाऱ्या रासायनिक क्रियांनी. चकतीला त्या क्रिया तासाभरात उरकता येत नाहीत.

मग लोकांना फरक जाणवतो तो का? ते काही खोटे बोलत नाहीत. बाटली उघडून ठेवली की हवा लागते, गारवा उतरतो, आणि वास-चव खरोखरच थोडी बदलते. श्रेय मात्र चकतीला जाते. दुसरे कारण आपल्या मनात असते. फ्रान्समध्ये बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन तांबडा, चव नसलेला रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात एकच वाइन एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून पाजली. नव्वदवाली अधिक आवडली! पाहुण्यांपुढे चहा ठेवताना 'खास आसामचा' एवढे म्हणून पाहा, काय होते ते.

इथे शिक्षकबंधूंना एक काम सांगतो. रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात एका बाईंची कथा दिली आहे. कपात दूध आधी घातले की चहा, हे आपण चवीवरून ओळखतो असे त्या म्हणत. त्यावर आठ कप करायचे, चार एका तऱ्हेचे, चार दुसऱ्या, आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचा क्रम ठरवायचा. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. वर्गात हाच प्रयोग लिंबाच्या सरबतावर करा. चार पेले चुंबकावर ठेवा, चार तशाच दिसणाऱ्या लाकडी ठोकळ्यांवर. आठांनाही सारखीच हवा, सारखाच गारवा मिळू द्या. जो पेले हातात देईल त्यालाही कोणता कुठला हे ठाऊक नसावे. नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरून पोरे बरोबर ओळखतात. पोरे फार बिलंदर असतात!

चुंबकाने वाइन कधीच बदलत नाही असे मात्र नव्हे. ऑस्ट्रेलियात अॅडलेड विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली वाइनमधला हिरव्या ढोबळी मिरचीसारखा नकोसा वास काढून दाखवला. त्यांनी त्या वासाचे द्रव्य धरून ठेवणारे, चुंबकाला चिकटणारे बारीक कण वाइनमध्ये घातले आणि मग ते चुंबकाने ओढून काढले. वास धरला तो कणांनी. चुंबकाचे काम फक्त गाळणीचे.

पंपाच्या पाण्यात असे कण कोणी घालत नाही. विरघळलेले मीठ नळातून जसे येते तसेच पुढे जाते. तरीही कोणी आग्रह धरलाच, तर पैसे देण्यापूर्वी त्या यंत्राच्या अलीकडचे आणि पलीकडचे पाणी एकाच दिवशी दोन स्वच्छ बाटल्यांत भरा. बाटल्यांवर फक्त १ आणि २ लिहा, कोणती कुठली हे घरच्या वहीत टिपून ठेवा, आणि दोन्ही माती-पाणी परीक्षण केंद्रात क्षारांच्या तपासणीसाठी द्या. विकणाऱ्यालाही सोबत न्या. आकडे त्याच्या समोरच वाचा.