अग्निपरीक्षेतील प्लॅटिनम



हीरक महोत्सवाच्या सभेत दगडांविषयी बोलायचे म्हटल्यावर श्रोत्यांना हिऱ्याचीच अपेक्षा असणार. माझा विषय मात्र प्लॅटिनम. पॅलेडियम, ऱ्होडियम, रुथेनियम, इरिडियम व ऑस्मियम ही त्याची भावंडे. वाहनांच्या धुरातील विषारी वायू निवळणाऱ्या उत्प्रेरकात यांपैकी पहिली दोन आणि स्वतः प्लॅटिनम वापरले जाते. आपली बहुतेक गरज आयातीवर भागते; जगातील मोठा साठा दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड प्रदेशात आहे. तेथे १९२४ साली एका शेतकऱ्याला ओढ्याच्या गाळात जड, पांढुरके कण मिळाले. हान्स मेरेन्स्की यांनी त्यांचा माग काढत मूळ थर गाठला. त्या विख्यात थरातही टनभर खडकामागे धातू असतो अवघा काही ग्रॅम!

हा धातू बहुधा अल्ट्रामॅफिक, म्हणजे मॅग्नेशियम व लोह विपुल आणि सिलिका अल्प असलेल्या खडकांच्या सान्निध्यात आढळतो. शिलारसात गंधकयुक्त थेंब वेगळे झाले की प्लॅटिनम त्यांत ओढले जाते. ताक घुसळताना विखुरलेला स्निग्धांश लोण्याच्या गोळ्यात यावा तसे. म्हणून आम्ही प्लॅटिनम शोधत नाही. निकेल, तांबे, क्रोमाइट यांच्या खुणा शोधतो.

ओडिशाच्या केओंझर जिल्ह्यातील बौला-नुआसाही येथे क्रोमाइटच्या खाणी होत्याच. तेथे गॅब्रो खडक जुन्या अल्ट्रामॅफिक खडकात घुसला, त्या सीमेवरील तुटक्याफुटक्या पट्ट्यात प्लॅटिनम व पॅलेडियम आढळले. वय सुमारे ३०० कोटी वर्षे. डोळ्यांना तेथे काहीच चमकत नाही. नमुन्याची भुकटी शिशाच्या ऑक्साइडसह भट्टीत वितळवतात; शिसे मौल्यवान धातू गोळा करते, मग शिसे काढून उरलेला कण मोजतात. या पद्धतीला अग्निपरीक्षाच म्हणायला हवे.

पण धातू आढळला म्हणजे खाण झाली, असे नव्हे. पट्टा किती लांब, किती खोल, धातू खडकातून सुटा होईल का, हे वेधनछिद्रांनीच ठरते. शेजारच्या सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या खाणींमुळे पाण्यात षट्संयुजी क्रोमियम मिसळण्याचा प्रश्न उभा आहे. तो हिशेब आमच्या अहवालात पहिल्या पानावर यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिकाम्या ठरलेल्या छिद्रातील खडकाचा गाभाही खोलीचे आकडे लिहून पेट्यांत जपतात. नव्या उपकरणांनी तो पुन्हा तपासता येतो.