वाचनालयाची शिल्लक

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी गेली काही वर्षे खजिनदार आहे. कवीच्या हाती तिजोरी दिली यावरून गावात बरेच विनोद झाले, ते इथे सांगत नाही.

आमचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. जमेला सभासदांची वर्गणी, थोड्या देणग्या, रद्दीचे पैसे आणि सरकारचे परिरक्षण अनुदान. खर्चाला ग्रंथपालांचा पगार, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल. अडचण रकमेची आहेच, पण त्याहून जास्त वेळेची. अनुदान दोन हप्त्यांत मिळते. पगार मात्र दर महिन्याला द्यायचा.

आमच्याकडे एक कायम निधी आहे. त्याची मुद्दल मोडायची नाही, फक्त व्याज वापरायचे. वक्फचा अर्थ सांगताना आईने हेच शिकवले होते, "झाड अल्लाचं, आंबे गावाचे." पण दोन लाखांवर सात टक्के धरले तरी वर्षाचे चौदा हजारच होतात. वर्तमानपत्रांची बिले कशीबशी भागतात.

एका वर्षी दुसरा हप्ता लांबला. ग्रंथपालांचा चार महिन्यांचा पगार थकला. सभेत ठेव मोडण्याची सूचना आली. मी विरोध केला. देणगीदाराने ही रक्कम कायम निधीसाठी आहे असे लेखी दिले होते. सूचना बारगळली. कागदावर मी बरोबर होतो. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी नेहमीच्या वेळी कुलूप उघडले आणि म्हणाले, "सर, आजचे पेपर उधारीवर आणलेत." मुलीच्या फीसाठी घरातले गंठण गहाण पडले होते, हे मला नंतर तिसऱ्याकडून कळले.

त्यानंतर आम्ही वेगळा राखीव निधी सुरू केला, अडल्यावेळी हात घालता येईल असा. काही सभासद कुरकुरले, 'पैसे शिल्लक राहतात तर देणगी कशाला मागता?' आयकराच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत विश्वस्त संस्थेने उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टासाठी खर्चायचे असतात, १५ टक्के मागे ठेवता येतात. जास्त ठेवायचे तर कारण लिहून द्यावे लागते आणि ते पाच वर्षांत खर्चावे लागतात. म्हणजे शिल्लक ठेवणे हा गुन्हा नव्हे, हे हिशेब तपासनिसांकडून वदवून घेतले तेव्हा कुठे सभा शांत झाली.

सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवायचा असे ठरले आहे. चार महिन्यांचा जमला. गंठण सुटले का, हे विचारायचे धाडस मला अजून झालेले नाही.