जिथे जीभ पोचत नाही

श्रोतेहो, अर्थसंकल्प आणि संतवाङ्मय यांच्या मधली एक संध्याकाळ मांजराच्या खरजेला दिली, याबद्दल संयोजकांचे आभार मानतो. पहिल्या रांगेत एक-दोन जण आत्ताच मान खाजवू लागलेले दिसतात. चालायचंच, खाज नुसती ऐकूनही सुटते.

प्राण्यांचा डॉक्टर म्हणून मला येणारा फोन साधारण ठरलेला असतो. ‘‘डॉक्टर, आमच्या जिन्याखाली एक मांजर येतं. कानांवर खपल्या आहेत, कपाळावरचे केस गेलेत. आम्ही त्याला जरा...’’ हे ‘आम्ही जरा’ कानावर पडलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण त्यापुढे फिनेल असतं, रॉकेल असतं, गाडीचं जळकं ऑइल असतं, कुत्र्याच्या पिसवांची पावडर असते, नाहीतर घरातल्या कुणाच्या तरी खरजेची उरलेली बाटली. माया खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण खरजेनं मरायला मांजराला महिने लागतात, या उपायांनी एक रात्रही पुरते.

असं का होतं? मांजर जागेपणीचा मोठा वेळ स्वतःला चाटत असतं. त्याच्या पाठीवर जे चोळलं, ते तासाभरात त्याच्या पोटात जातं. आणि पोटात गेलेलं निस्तरायला त्याचं यकृत आपल्यासारखं नाही. फिनॉल जातीची रसायनं आपलं यकृत ग्लुकुरोनिक आम्लाला जोडून बाहेर टाकतं. मांजरात ही सोय फारच तोकडी. पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांसावर जगल्यामुळे वनस्पतींतली विषं जिरवण्याची त्याला गरज पडली नसावी, असं मानतात. म्हणून फिनेल वाईट, जंतुनाशकांच्या पांढुरक्या पाण्यानं अंघोळही वाईट. कुत्र्यांच्या औषधात परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला त्यानं झटके येतात. माणसांच्या खरजेवरचं बेंझिल बेंझोएटही मांजराला विषारी. ‘दुखत असेल बिचाऱ्याला’ म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि हिरड्या तपकिरी पडतात.

तेव्हा हात लावण्याआधी नुसतं बघा. लूत लागलेलं मांजर लांबूनही ओळखू येतं. नोटोएड्रिस नावाचा, डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. सुरुवात बहुतेक वेळा कानाच्या कडेला होते, मग चेहरा आणि मान. मांजर पंजानं तोंड धुतं, अंगाची गुंडाळी करून झोपतं, त्यामुळे पुढे पंजे आणि शेपटीकडचा भागही धरतो. खपल्या करड्या-पिवळट, कातडी जाड आणि सुरकुतलेली. वर्षाचं पोर म्हाताऱ्यासारखं दिसू लागतं आणि खाजवून खाजवून रक्त काढतं.

गजकर्णाचं तसं नाही. तो बुरशीचा रोग. गोल चट्ट्यात केस जातात, खाज कमी असते. पण तो माणसांत, विशेषतः लहान मुलांत, सहज येतो आणि त्याचे बीजाणू गळलेल्या केसांवर कित्येक महिने टिकतात. लुतीचा किडा मात्र माणसावर वंश वाढवत नाही. मांजर बरं झालं की तुमची खाजही थांबते. केस फक्त शेपटीच्या मुळाशी गेले असतील तर आधी पिसवांचा संशय घ्यावा. तिथली काळी भुकटी ओल्या कापसावर ठेवली आणि तांबूस डाग पसरला, की संशय पक्का. ते पिसवांनी पिऊन टाकलेलं रक्त असतं. आणि पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर न भरणारी जखम असेल, तर थांबू नका. उन्हानं होणारा कर्करोग तिथंच सुरू होतो.

आता औषध. लुतीवर आयव्हरमेक्टिन उत्तम चालतं. त्याचं मूळ जपानमधल्या इतो शहराजवळच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूत आहे. सातोशी ओमुरा यांनी तो वेगळा केला, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्याची जंतांवरची ताकद ओळखली. 1981 साली औषध बाजारात आलं ते जनावरांसाठी, माणसांची पाळी नंतर. दोघांना 2015 चं नोबेल मिळालं. पण मात्रा वजनावर ठरते आणि लहान पिल्लांना ते धोक्याचं, म्हणून दुकानातून आणून अंदाजानं देऊ नका. मोबाइलवर फोटो काढा, शेजारी एखादी चप्पल वगैरे ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि डॉक्टरांना दाखवा. मुंबईकरांना परळचं बाई साकराबाई पेटिट रुग्णालय ठाऊक असेल, गावाकडे सरकारी जनावरांचा दवाखाना आहे.

हाताला न येणाऱ्या मांजरासाठी मला आवडतो तो सेलामेक्टिन या औषधाच्या थेंबांचा उपाय. रोज एकाच वेळी, एकाच जागी खायला ठेवा. दूध नको, मोठ्या मांजरांना बहुधा ते बाधतं. उकडलेला मासा ठेवा. आठवडाभरानं ते तुमच्यासमोर मान खाली घालून खाऊ लागेल. तेव्हा डॉक्टरांनी मोजून दिलेले थेंब मानेच्या मागे, केस बाजूला सारून थेट कातडीवर सोडायचे. तिथं त्याची जीभ पोचत नाही. पुढची मात्रा डॉक्टर सांगतील त्या तारखेला द्यायचीच. अंडी पहिल्या मात्रेतून निभावतात, आणि बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. केस उगवले, मांजर गुटगुटीत दिसू लागलं, की तारीख विसरली जाते. त्याच ताटलीवर येणाऱ्या इतर मांजरांचाही विचार त्याच वेळी करावा लागतो.

धरायचीच वेळ आली तर जाड टॉवेल घ्या, उघडा हात नको. चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. भटक्या मांजराच्या बाबतीत ‘एवढंसं तर आहे’ हे वाक्य मी ऐकूनच घेत नाही.

कानाबद्दल आणखी एक फोन नेहमी येतो. टोक सरळ रेषेत कापल्यासारखं आहे, खपली नाही, रक्त नाही, रोग कुठला? रोग नाही. नसबंदी झाल्याची ती खूण आहे, कुणीतरी तुमच्या आधी येऊन गेलंय. त्याला औषध नको, नुसता मासा द्या.