चुकलेलें उत्तर बोलूं द्या

(गांवच्या शाळेंतील पालकसभेपुढें केलेलें भाषण)

मायबापहो,

आज आम्ही आकाशांतल्या गोष्टी बोलणार आहों, पण आमचें लक्ष तुमच्या पोरांच्या तोंडांकडे आहे. तीं तोंडें शाळेंत मिटलेलीं असतात, आणि तीं मिटविण्यांत आमचाहि हात आहे.

चार वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गांत आम्हीं विचारलें, उन्हाळा कां होतो? एका कुंभाराची मुलगी उठली. म्हणाली, "गुरुजी, आव्याजवळ गेलं की धग लागते. तसा सूर्य जवळ येत असंल." आम्हीं म्हटलें, "चूक! बस खालीं. पृथ्वीचा आस कललेला आहे, असें लिहा." सर्वांनीं लिहिलें, गुणहि मिळविले. ती पोर मात्र वर्षभर पुन्हां बोलली नाहीं. खरें सांगतों, ट्रेनिंग कॉलेजांत आम्हींहि तें वाक्य पाठच केलें होतें. आस कलल्यानें ऊन कसें वाढतें, असें कोणी विचारतें तर आमची गाळण उडाली असती.

अमेरिकेंत हार्वर्ड नांवाचें मोठें विद्यापीठ आहे. १९८७ सालीं तेथें पदवीदानाच्या दिवशीं २३ जणांना विचारलें, ऋतु कां बदलतात, चंद्राच्या कला कां होतात? त्यांत पदवीधर होते, प्राध्यापकहि होते. २१ जण चुकले! त्यावर 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नांवाचा बोलपट निघाला. ऋतूंविषयीं पुष्कळांनीं कुंभाराच्या मुलीचेंच उत्तर दिलें. फरक इतकाच कीं, त्यांना पदवी मिळाली आणि आमच्या पोरीला "बस खालीं" मिळालें.

तेथल्या महाविद्यालयांत, पुढें शास्त्रज्ञ न होणाऱ्या मुलांसाठींहि खगोलशास्त्राचा पहिला वर्ग असतो. शें-दोनशें मुलें प्राध्यापकाचें व्याख्यान ऐकतात. पण नुसतें ऐकून जुनी समजूत हलत नाहीं. म्हणून पुष्कळ ठिकाणीं आठवड्यांतून एकदां वीस-पंचवीसांच्या तुकड्या पाडून चर्चावर्ग घेतात. शिकविणारा बहुधा वरच्या वर्गांतला विद्यार्थीच असतो. चांगला चर्चावर्ग म्हणजे दुसरें व्याख्यान नव्हे. आधीं प्रत्येकानें आपलें उत्तर द्यावें, मग शेजाऱ्याशीं वाद घालावा, मग पुन्हां उत्तर द्यावें. हार्वर्डांतच पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझुर यांनीं १९९१ पासून ही रीत चालविली. ॲरिझोना विद्यापीठाचे एड प्रेथर व त्यांचे सोबती यांनीं खगोलशास्त्रासाठीं अभ्यासवहीच काढली. तींत दोन कल्पित विद्यार्थ्यांचा वाद छापून विचारतात: तुम्ही कोणाच्या बाजूचे, आणि कां?

चंद्राचा पाठ असा घेतात. अंधाऱ्या खोलींत मधोमध दिवा, प्रत्येकाच्या हातांत काडीला खोंचलेला चेंडू. आपलें डोकें ही पृथ्वी, चेंडू हा चंद्र. हात लांब धरून स्वतःभोंवतीं फिरलें कीं चेंडूवर अमावास्या, अष्टमी, पौर्णिमा दिसते. पृथ्वीच्या सावलीनें चंद्र झिजतो असें म्हणणारा स्वतःच पाहतो कीं, अष्टमीला डोक्याची सावली चेंडूपासून दूरच असते. ती चेंडूवर पडते दिव्याकडे पाठ केल्यावर. आणि तें तर ग्रहण! आम्हीं चेंडूऐवजीं लिंबू घेतलें. लिंबाला कितीसे पैसे पडतात?

पुढच्या वर्षीं उन्हाळ्याचा प्रश्न आम्हीं चौघाचौघांच्या गटांत टाकला. पुन्हां तेंच उत्तर आलें. या वेळीं आम्हीं "चूक" म्हटलें नाहीं. इतकेंच सांगितलें कीं, जानेवारीच्या आरंभीं सूर्य सुमारें १४ कोटि ७१ लाख किलोमीटरवर, म्हणजे सर्वांत जवळ असतो. जुलैच्या आरंभीं १५ कोटि २१ लाखांवर. मग पौषांत कुडकुडतों कां? पोरें भांडूं लागलीं. एकजण म्हणाला, नाताळांत ऑस्ट्रेलियांत क्रिकेट तर उन्हाळ्यांत चालतें! मग अंगणांत काठी रोवली. पौषांत भर दुपारीं तिची सावली जवळजवळ तिच्याएवढी पडली. वैशाखांत, सुटींत, घरोघरीं पाहिलें, तर ती पायथ्याशीं गोळा झालेली. बॅटरीचा झोत जमिनीवर सरळ टाकला तर वर्तुळ लहान व लख्ख. तिरपा टाकला तर तोच उजेड पसरून फिका. पृथ्वी सुमारें साडेतेवीस अंश कललेली आहे. आपली बाजू सूर्याकडे झुकते तेव्हां ऊन सरळ पडतें आणि दिवसहि मोठा होतो. पाठ केलेलें वाक्य त्या दिवशीं पोरांचें झालें, आणि आमचेंहि.

कुंभाराच्या मुलीचें बोलणें अडाणीपणाचें नव्हतें. आगीजवळ धग लागतेच. पण सूर्याच्या जवळ-दूर होण्यांत फरक पडतो शेंकडा सुमारें तीनच. एवढें सांगून तिला विचार करूं दिला असता तर ती स्वतःच वाट काढती.

मायबापहो, उद्यां हीं पोरें महाविद्यालयांत जातील, शेंकडोंच्या गर्दींत मागच्या बाकावर बसतील. येथें तोंड उघडण्याची संवय लागली नाहीं, तर तेथें कोण लावणार? पोर वर्गांत चुकीचें बोललें म्हणून त्याला रागावूं नका. तें मुळींच बोलत नसेल, तर मात्र येऊन आम्हांला जाब विचारा.

ती मुलगी आतां अकरावींत आहे. आज या सभेंत मागें बसली आहे. बाई, चूक तुझी नव्हती, आमची होती. तुम्हां सर्वांसमक्ष आम्ही तिची माफी मागतों.