परदेशी प्रवासी आणि आपली खिडकी
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



परदेशी प्रवासी कोणता देश निवडतो, हा विषय युनियनच्या शिबिरात कशाला, असे काहींना वाटेल. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. पण रेल्वेची खिडकी असो वा पोस्टाचा काउंटर, परका माणूस पहिल्यांदा आपल्याच पुढ्यात येतो. म्हणून विषय आपलाच आहे.

भाडे स्वस्त आणि खिशात पैसा असला की प्रवासी निघतो, हे अर्धेच खरे. भाषा, धर्म, खाणेपिणे, रीतीभाती यांतले अंतरही मागणी ठरवते. डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टीड यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील नोकरदारांची उत्तरे तपासून १९८० साली हे अंतर आकड्यांत मांडले. पुढे पर्यटनाच्या अभ्यासकांनी तीच मापे वापरली. म्हणजे हे शास्त्रही नोकरदारांच्याच उत्तरांवर उभे आहे!

आपल्याकडचा हिशेब पाहा. २०१९ साली भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी प्रवासी आले. त्यांत सर्वाधिक, २५ लाखांवर, बांगलादेशचे. शेजार तर आहेच. शिवाय कोलकात्यात भाषा तीच, जेवण ओळखीचे आणि नातीगोतीही. थायलंड, श्रीलंका, म्यानमारचे यात्रेकरू बोधगयेला येतात, ते धर्माच्या ओढीने.

याउलट, वेगळेपणही माणसाला ओढते. युरोपातला माणूस दार्जिलिंगच्या छोट्या गाडीत बसतो, तो घरी न मिळणारे पाहायला. १९९९ साली ती रेल्वे जागतिक वारसा ठरली. तर मग अंतर ओढते की अडवते? दोन्ही करते. पाहायला नवल हवे, पण झोपायला, खायला आणि तिकीट काढायला भरवसा हवा. पाटी वाचता येत नाही, वेटिंग लिस्ट म्हणजे काय ते उमगत नाही, तिथे नवलाची भीती होते. नवी दिल्ली स्टेशनवर परदेशी प्रवाशांसाठी वेगळे आरक्षण कार्यालय उघडले गेले, ते याचसाठी.

जवळीक असली तरी तेवढ्याने भागत नाही. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस १४ एप्रिल २००८ रोजी सुरू झाली आणि जुलै २०२४ मध्ये तिकडच्या अशांततेत बंद पडली. भाषा तीच होती, पण गाडी थांबली.

साथींनो, सरकारे जाहिरातींवर पैसा ओततात. पण भीती घालवतो तो चौकशीच्या खिडकीवरचा कारकून, सामान उचलणारा हमाल, परदेशी पार्सल नीट बांधून घ्या म्हणून समजावणारा पोस्टातला भाऊ. आज आला नि उद्या गेला अशा कंत्राटी माणसाकडून हे कसे व्हावे? त्याचा दोष नाही. त्याला कोणी शिकवलेच नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे: खिडकीवर कायम माणूस द्या, त्याला भाषेचे प्रशिक्षण द्या आणि त्या कौशल्याचा भत्ताही द्या. आणि आपणही, साथींनो, परक्याशी बोलताना आवाज चढवू नये. त्याला ऐकू येते, फक्त समजत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!