दोन हजार किलोमीटर, बिल्टीवर : कोलकात्याची हेराल्ड उल्हासनगरला कशी आली

आजचा भाग गाडी चालवण्याचा नाही, गाडी आणण्याचा आहे. जुनी गाडी घ्यायची म्हटलं की सगळे इंजिन, पत्रा, गंज यांवर तासभर बोलतात. व्यवहार ठरतो, हात मिळवले जातात, आणि मग प्रश्न येतो : गाडी तिकडे, आपण इकडे. आता काय?

माझी गाडी कोलकात्यात होती आणि मी राहतो उल्हासनगरात, कॅम्प चारला. मधलं अंतर जवळपास दोन हजार किलोमीटर. गाडी स्टँडर्ड हेराल्ड, 1966ची, दोन दारांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडात 1959 साली ट्रायम्फ हेराल्ड आली. तिचा आकार इटलीच्या मिकेलोत्तीने रेखला. आपल्याकडे 1961पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती बनवू लागली. इंजिन 948 सीसी, वजन आठशे किलोच्या आसपास. कागदावर ही घरगुती सलून आहे, कबूल. पण 1962ची ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे अस्सल दोन सीटर स्पोर्ट्स कार, हिच्याच चासीला आखूड करून उभी केली होती. त्यामुळे मी हिला स्पोर्ट्स कार म्हणतो. घरात मान्य नाही, पण म्हणतो.

विकणाऱ्या एक आजी होत्या. नवरा गेल्यावर गाडी आठ वर्षं गॅरेजात. त्यांची अट एकच : तोडायची नाही, आणि सुटे भाग म्हणून विकायची नाही. पैशांची घासाघीस पाच मिनिटं झाली असेल, या अटीवर आम्ही तासभर बोललो. मी हो म्हटलं. त्यामुळे गाडी अख्खी आणणं हा माझ्यापुरता शब्दाचा प्रश्न झाला होता.

पहिला सल्ला सगळ्यांनी दिला, चालवत आण. यूट्यूबवर लोक करतात. मला नाही पटलं. आठ वर्षं उभी असलेली गाडी, चारही चाकांना ड्रम ब्रेक, रबरी होज किती जुने कोणास ठाऊक, आणि पुढे ओडिशातले घाट, मग रायपूर, नागपूर, अमरावती, धुळे, शेवटी कसारा घाट. ट्रकांच्या रांगेत कसारा उतरताना ब्रेक गरम होऊन पेडल खाली गेलं, तर व्हिडिओला व्ह्यूज चांगले मिळतील, एवढंच.

रेल्वेचंही बघितलं. मोटरसायकल पार्सलने जाते, आपल्यापैकी अनेकांनी पाठवली असेल. नव्या गाड्या कंपन्या आख्ख्या मालगाडीने पाठवतात. पण एकट्या माणसाच्या एकट्या गाडीसाठी तो सोयीचा मार्ग नाही. म्हणजे उरला ट्रक. त्यात तीन प्रकार. एक, उघडा कॅरिअर, दोन मजली, सात-आठ गाड्या. दोन, बंद कंटेनर, आत गाड्या रचलेल्या. तीन, फक्त तुमच्या गाडीसाठी फ्लॅटबेड. तिसरा सगळ्यात चांगला, आणि त्याचं भाडं ऐकून मी फोन हळूच खाली ठेवला. परतीचा रिकामा फेराही आपल्याच माथी पडतो ना. मी बंद कंटेनर मागितला, तारीख मिळेना, शेवटी उघड्या कॅरिअरवर ठरलं.

आता इथे थोडं थांबतो, कारण हेराल्ड लादणं म्हणजे स्विफ्ट लादणं नव्हे. हिचं बॉनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर आहे. मडगार्डसकट अख्खं तोंड पुढे कलंडतं, आणि मागच्या काठाला दोन्ही बाजूंना एकेक खिटी. आता विचार करा, गाडी ट्रकवर उलट्या तोंडाने चढवली तर ताशी साठ-सत्तरचा वारा थेट बॉनेटच्या मागच्या काठाखाली घुसणार. खिट्या साठ वर्षांच्या. बॉनेट उघडलं तर मागे फेकलं जाणार नाही, मुळातून उपटलं जाणार. तोंड पुढे असेल तर तोच वारा बॉनेट दाबून धरतो. म्हणून मी फोनवर तीनदा सांगितलं, तोंड ड्रायव्हरच्या केबिनकडे. वरून एक पट्टाही मारायला लावला, खाली जुनी चादर घालून.

दुसरी गोष्ट, हायड्रा. यार्डात रॅम्पची सोय नसली की हे लोक हायड्रा क्रेन बोलावतात, पोटाखालून पट्टे घालतात आणि गाडी उचलतात. हेराल्डचा मागचा अ‍ॅक्सल स्विंग अ‍ॅक्सल आहे. गाडी हवेत गेली की मागची दोन्ही चाकं पोटाखाली दुमडतात, कोंबडीचे पाय दुमडतात तशी. तशीच खाली टेकवली की ती तिरक्या चाकांवर उभी राहते, आणि वजन नको तिथे येतं. शिवाय आठशे किलो पट्ट्यांवर आले की साइडचा पत्रा आत जातो. तेव्हा हायड्रा नाही, रॅम्पच. आणि बांधताना पट्टे चाकांना, चासीला साखळ्या नकोत. चासीला आवळून बांधलं की दोन हजार किलोमीटर स्प्रिंग दबून राहते. चाकाला बांधलं की गाडी तिच्या सस्पेन्शनवर मोकळी डोलते.

बाकी नेहमीचं : पेट्रोल पाव टाकीहून कमी, बॅटरीची वायर काढलेली, हँडब्रेक, गिअर, चाकांना ठोकळे. आणि वरचा मजला मागा. खाली राहिलात तर वरच्या गाडीचं ऑइल तुमच्या टपावर. अर्थात माझी हेराल्ड वर गेल्यामुळे तिच्या खालच्या गाडीवाल्याचं काय झालं असेल, यावर मी जास्त विचार करत नाही.

आता कागद. कंटाळवाणं आहे, पण रात्री अकरा वाजता रस्त्यावर हेच कामाला येतं. ट्रान्सपोर्टवाला जी पावती देतो ती बिल्टी. तिच्या मागे बारीक अक्षरात ‘ओनर्स रिस्क’ छापलेलं असतं. ते वाचून घाबरू नका, पण निश्चिंतही राहू नका. 2007चा कॅरेज बाय रोड कायदा आहे, आणि त्याचे 2011चे नियम. त्यानुसार जास्त जोखमीचा दर भरून किंमत जाहीर केली नसेल, तर नुकसानीपोटी वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. भाडं समजा 30,000 असेल तर 3 लाख. तुमची गाडी 8 लाखांची असेल तर वरचे 5 लाख हवेत. आणि दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस, तीही 180 दिवसांच्या आत. म्हणून मी वेगळा ट्रान्झिट विमा काढला. साधा गाडीचा विमा तर नावावर करून घ्याच, व्यवहारानंतर 14 दिवसांत कंपनीला कळवायचं असतं.

आणि फोटो. लादण्याआधी मी गाडीचे सत्तरएक फोटो काढले. प्रत्येक दार, प्रत्येक कोपरा, आधीचा प्रत्येक पोचा. कंडिशन शीटवर सुपरवायझरची सही, तारीख, वेळ. तो म्हणाला, दादा, लग्नाचा अल्बम करताय का?

आठ दिवस सांगितले होते, चौदा लागले. नागपूरला ट्रक चार दिवस उभा होता, पुढचा माल भरायला. आणि हे कॅरिअर तुमच्या दारात येत नाहीत. त्यांचं मुंबई म्हणजे भिवंडी. गोदामांच्या मागे, बायपासला, तिथे उतरवतात. तिथून कल्याणचा दुर्गाडी पूल, शहाडचा उड्डाणपूल आणि आमचा कॅम्प, एवढं अंतर आपलं आपण. मी कल्याणहून एक फ्लॅटबेडवाला ठरवून ठेवला होता.

रात्री साडेदहाला ट्रक लागला. रॅम्पवरून गाडी खाली आली, तोंड पुढे, बॉनेट जागच्या जागी. मला इतकं बरं वाटलं की पाच मिनिटं मी नुसता तिच्याभोवती फिरलो. फिरताना डाव्या दारावर हात गेला. हँडलच्या खाली तळहाताएवढा पोचा, मधोमध रंग उडालेला. पट्ट्याचं लोखंडी रॅचेट सुटून झोके खात आपटलं असावं.

मोबाइल काढला, फोटो बघितला. कोलकात्यात दार सपाट होतं.

ड्रायव्हर पन्नाशीचा, उत्तर प्रदेशातला. त्याने पोचा माझ्याआधी पाहिला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने डिलिव्हरीचा कागद पुढे केला आणि हळूच म्हणाला, “साहब, ये मत लिखिए. हमारी पगार से कटेगा.” मी काही बोललो नाही. फ्लॅटबेडवाला हॉर्न देत होता. कागदावर छापलेलं, ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’, खाली सहीची जागा.

आता सही करून टाकली असती तर विषय संपला असता. पण रिमार्क न लिहिता सही केली की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते, मग नुकसान कधी झालं? आणि दुसरीकडे हा माणूस, चौदा दिवस गाडीच्या केबिनमध्ये झोपलेला, बॉनेटवरची चादर रायपूरला पावसात भिजली म्हणून त्याने स्वतःची ताडपत्री वर बांधली होती. ती ताडपत्री माझ्यासमोर होती.

मी त्याला सांगितलं, भाऊ, लिहिणार मी, पण जे झालं तेवढंच लिहिणार. त्याच्यासमोर लिहिलं : डावं दार, एक पोचा, रंग गेलेला, पट्टा सैल झाल्यामुळे असावा, बाकी गाडी उत्तम, ड्रायव्हरने काळजी घेतली. त्याच्याच फोनवरून त्याच्या ऑफिसला लावलं. विमा माझा आहे, दावा माझ्या विम्यातून होईल, ड्रायव्हरकडून वसुली करू नका, आणि हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या. पंधरा मिनिटांनी ‘ओके सर’ आलं. एवढंच. मी ते त्याला दाखवलं. तो हसला नाही. चहा घेतला आम्ही.

दाराचे पैसे विम्यातून आले, पूर्ण नाही, पण आले. दोन महिन्यांनी त्या ड्रायव्हरचा फोन आला होता, गाडी चालू झाली का विचारायला. मी विचारलं, पगार कापला? म्हणाला, आधा. मी त्या ‘ओके सर’चा स्क्रीनशॉट ऑफिसला परत पाठवला. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. ड्रायव्हरला मी काही रक्कम पाठवली, ती त्याने दोनदा परत केली, तिसऱ्यांदा ठेवून घेतली.

पुढचं काम आरटीओचं, ते अजून चालू आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्याआधी तिकडची एनओसी, फॉर्म 28, चासीच्या नंबरची पेन्सिल प्रिंट, मग नावावर करायला 29 आणि 30. आमच्याकडे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळं कल्याण आरटीओत, म्हणजे एमएच-05. जुन्या गाडीची आणखी एक गंमत : तिचं आरसी हाताने लिहिलेलं पुस्तक आहे, कॉम्प्युटरमध्ये ती नाहीच. आधी तिकडे बॅकलॉग एन्ट्री, मग एनओसी. विकत घेण्याआधी हे विचारा. गाडी ‘वाहन’वर दिसते का? नसेल तर व्यवहारातच ठरवा, एन्ट्री कोण करून देणार.

दुसरी वाट आहे व्हिंटेज नोंदणीची. जुलै 2021च्या नियमाने पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी तशी नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी 20,000, दहा वर्षांची मुदत, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, याचं मला फार आकर्षण आहे, कारण आजींच्या नवऱ्याने तो नंबर निवडून घेतला होता. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. मला तर रविवारी सकाळी अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत जाऊन यायचंय. ते ‘प्रदर्शन’मध्ये बसतं का, यावर माझ्या आरटीओ एजंटचं आणि माझं एकमत होत नाही.

सध्या ती कॅम्प चारला पत्र्याच्या शेडखाली आहे. ब्रेकचे सगळे होज नवीन केलेत. दाराची रबरं मिळत नव्हती, ती आमच्या इथल्या एका कारखान्यात तुकडा नमुना देऊन काढून घेतली. उल्हासनगरला ‘मेड इन यूएसए’ म्हणून चिडवतात ना, उल्हासनगर सिंधी असोसिएशन? चिडवा. रबर एकदम फिट बसलंय. दाराचा पोचा काढला, रंग मात्र अजून दिला नाही. कोलकात्याची ती फिकट निळी छटा इथल्या रंगवाल्याने चार वेळा मिसळली, चारही वेळा उन्हात वेगळी दिसली. पाचवा डबा पुढच्या आठवड्यात येतोय.